मंजूर खाटा ५००, दाखल १२०० : नांदेडच्या रुग्णालयाचा खाटांचा हिशेब

सप्टेंबर २०२३ संपता संपता नांदेडजवळ विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात बाळे होती. पाठोपाठ आणखी ७ जण गेले आणि ४८ तासांचा आकडा ३१ झाला, त्यात १६ बालके. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. औषधे होती की नव्हती, सरकारी औषधखरेदी करणाऱ्या हाफकिनमार्फतची खरेदी का रखडली, जबाबदार कोण, यावर बरेच दिवस रण माजले.

त्या गदारोळात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, पण त्यावर थांबले कोणीच नाही. नांदेडचेच असलेले माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण रुग्णालयात जाऊन आले आणि म्हणाले, क्षमता ५०० खाटांची आहे आणि दाखल रुग्ण १२०० च्या घरात आहेत. नवजात अतिदक्षता कक्षात खाटा २४ आणि बाळे साठाहून अधिक, असेही त्या आठवड्यात छापून आले.

प्रकरण म्हणून नांदेड घ्यायचे ते या आकड्यांसाठी. कोणाच्या हलगर्जीपणाचा निवाडा इथे करायचा नाही. पाचशेच्या जागी बाराशे झाले की काय काय तुटते, कोणत्या क्रमाने तुटते आणि ते आधी कागदावर कसे दिसू शकते, एवढेच पाहायचे आहे. ज्या आकड्याआधी 'समजा' आहे तो हिशेब दाखवण्यापुरता घेतलेला आहे, विष्णुपुरीच्या नोंदवहीतला नाही.

खाट तीन प्रकारची असते

पहिली मंजूर खाट. ती शासन निर्णयात असते. तिच्यावरून आकृतिबंध ठरतो, म्हणजे किती अधिपरिचारिका, किती परिसेविका, किती कक्षसेवक, किती सफाई कामगार. औषधांचे अनुदान, आहार, चादरी, धुलाईचा ठेका, सगळे तिच्यामागून येते. दुसरी प्रत्यक्ष खाट, लोखंडी, वॉर्डात उभी असलेली. दानातून आलेल्या, कोविडात आलेल्या, जुन्या इमारतीतून आणलेल्या खाटा धरून ही संख्या मंजुरीपेक्षा बरीच जास्त असू शकते. तिसरी गादी. दोन खाटांच्या मधल्या जागेत, नाहीतर व्हरांड्यात भिंतीला लागून. केस पेपरवर खाट क्रमांकाच्या जागी 'फ्लोअर' लिहिले की झाले.

रुग्ण तिन्हींवर सारखाच दाखल होतो, पण सिस्टर फक्त पहिलीबरोबर येते. मूळ दुखणे हे आहे. खाट वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही, सुतार आणि रंगारी पुरतो. पद वाढवायचे तर अधिष्ठात्यांचा, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रमुखांचा, प्रस्ताव वैद्यकीय शिक्षण आयुक्तालयात जातो, तिथून मंत्रालयात, मग वित्त विभाग आणि उच्चस्तरीय सचिव समिती. त्रुटी काढून परत आलेला प्रस्ताव पुन्हा पहिल्या पायरीवर. तोवर इमारत बांधून होते, कधी तिचे उद्घाटनही होते, आणि वर्षानुवर्षे जुन्याच माणसांत नवा मजला चालवला जातो.

मंजूर आकडा मुळात येतो कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तो विद्यार्थ्यांच्या जागांवरून येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांत एमबीबीएसच्या १५० जागांना ६०५ खाटा लागतात आणि त्या ८० टक्के भरलेल्या असाव्या लागतात. शिकवायला किती रुग्ण पुरेत, याचे हे उत्तर झाले. भोवतालच्या मुलखातून किती रुग्ण येणार, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

आणि मुलूख मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्हा ३३,६१,२९२, परभणी १८,३६,०८६ आणि हिंगोली ११,७७,३४५. तीन मिळून ६३ लाख ७४ हजार. शिवाय यवतमाळचा उमरखेड-पुसद पट्टा, लातूरची अहमदपूर-उदगीरची बाजू आणि सीमेपलीकडून तेलंगणातले रुग्ण. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ हजारी २ खाटांचे उद्दिष्ट सांगते. त्या मापाने नुसत्या तीन जिल्ह्यांना सगळी सरकारी-खासगी रुग्णालये मिळून पावणेतेरा हजार खाटा लागतील. या सगळ्या टापूतला गुंतागुंतीचा रुग्ण शेवटी ज्या एका दारात येतो, तिथे ५००.

उलाढाल उणे कशी होते

खाटांच्या हिशेबाला चार गोष्टी पुरतात: रोजची भरती, सरासरी मुक्काम, खाटांची संख्या आणि एक रुग्ण गेल्यापासून दुसरा येईपर्यंत खाट किती वेळ मोकळी राहते, म्हणजे उलाढालीचा अवधी. शेवटच्या गोष्टीकडे कोणी बघत नाही आणि खरी माहिती तीच देते.

समजा रोज २०० रुग्ण दाखल होतात आणि सरासरी ६ दिवस राहतात. दोनशे गुणिले सहा, म्हणजे कोणत्याही क्षणी १२०० रुग्ण आत. खाटा ५००. खाटांतून रुग्ण वजा करा आणि रोज घरी जाणाऱ्यांच्या संख्येने भागा: उणे ७०० भागिले २००, म्हणजे उणे साडेतीन दिवस. आधीचा रुग्ण घरी जायच्या साडेतीन दिवस आधीच त्याची खाट पुढच्याला दिलेली आहे, असा त्याचा सरळ अर्थ. नीट चाललेल्या वॉर्डात हा आकडा अर्धा ते एक दिवस असतो. तेवढ्यात गादी पुसली जाते, चादर बदलते, लॉकर रिकामे होते. उणे आकड्यात खाट पुसायला वेळच उरत नाही. 'वॉर्डात स्वच्छता नाही' या तक्रारीचा अर्धा भाग इथे आहे.

आता मुक्काम एक दिवसाने कमी केला तर? दोनशे गुणिले पाच, १०००. एकही वीट न रचता २०० रुग्णांची जागा मोकळी होते. म्हणूनच नव्या इमारतीची फाईल उघडण्याआधी मुक्कामाचा तो सहावा दिवस कशात जातो, हे शोधायचे. बहुतेक ठिकाणी तो उपचारात जात नाही. सोनोग्राफीची तारीख परवाची मिळालेली असते. शस्त्रक्रियेच्या यादीतून नाव खाली घसरलेले असते, कारण भूलतज्ज्ञ एकच आहे. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेची कागदपत्रे आरोग्यमित्राकडे अडलेली असतात. किंवा रुग्ण बरा आहे, पण मोठ्या डॉक्टरांचा राउंड दुपारी एकला संपतो, डिस्चार्ज कार्ड लिहून होते चारला, आणि किनवटची गाडी तोवर निघून गेलेली असते. मग तो एक रात्र आणखी राहतो. मध्यरात्रीच्या मोजणीत तो 'दाखल' आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या यादीतही तो आहेच.

मध्यरात्रीची मोजणी हीसुद्धा फसवी आहे. सगळ्या सरकारी तक्त्यांत तोच आकडा जातो, पण वॉर्डात खरी दाटी सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असते. ओपीडीतून भरती होऊन आलेले दारात उभे आणि सुट्टी झालेले अजून खाटेवर. रोज दुपारी एक वाजता दुसरी मोजणी घेतली तर हे दिसते. त्याला एक वही आणि दहा मिनिटे लागतात.

ते पाच दिवस

त्या आठवड्याचे कॅलेंडर उघडून बघावे. गुरुवार २८ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. ईदही त्याच दिवशी आल्याने तिची सुट्टी राज्याने शुक्रवारी २९ ला दिली. शनिवार ३०, रविवार १ ऑक्टोबर, सोमवार २ ऑक्टोबर गांधी जयंती. सलग पाच दिवस.

सरकारी रुग्णालय सुट्टीला बंद नसते, पण त्याच्या आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह वेगवेगळ्या वेगाने मंदावतो. ओपीडी बंद, म्हणून साध्या भरत्या कमी होतात. अपघात, सर्पदंश, विषबाधा, अडलेली प्रसूती कमी होत नाहीत. उलट तालुक्यातला खासगी डॉक्टर गावाला गेला असेल तर वाढतात. बाहेर जाणारा प्रवाह मात्र चांगलाच आटतो. सुट्टीच्या दिवशी राउंड निवासी डॉक्टर घेतो आणि 'सर आल्यावर बघू' हा सर्वांत सुरक्षित निर्णय असतो.

समजा रोजची भरती २०० वरून १८० वर आली आणि घरी जाणारे २०० वरून १३० वर. रोज ५० रुग्णांची भर, पाच दिवसांत २५०. आणि हे २५० आधीच गाद्यांवर चाललेल्या रुग्णालयात. हाच प्रसंग दिवाळीत येतो, एप्रिल-मेच्या लग्नसराईत येतो. तारखा वर्षभर आधी माहीत असतात, तरी सुट्टीचे ड्युटी पत्रक बनते ते फक्त कोण कुठे हजर राहणार याचे. सुट्टीत डिस्चार्जवर सही कोण करणार, हे नाव त्यात क्वचित असते. प्रत्येक विभागाचा एक प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक सुट्टीच्या सकाळी दोन तास फक्त घरी पाठवण्याच्या राउंडसाठी आला, तरी त्या २५० पैकी निम्मे तरी अडकत नाहीत.

बाळांच्या कक्षात पहाटे दोन वाजता

नवजात कक्ष वेगळा काढून बघायला हवा, कारण तिथे गर्दीचे थेट मृत्यूत रूपांतर होते.

दीड किलोच्या बाळाला दर दोन तासांनी दूध लागते. सिस्टर हात धुते, नळी जागेवर आहे का पाहते, आईचे काढलेले दूध सिरिंजमध्ये घेते, सिरिंज उंच धरून ते आपसूक उतरू देते, पोट फुगले का बघते, तक्त्यावर लिहिते. घाई न करता दहा मिनिटे. आठ तासांच्या पाळीत चार वेळा. २४ बाळे असतील तर ९६ खेपा, १६ तासांचे काम. ६५ बाळे असतील तर २६० खेपा, ४३ तासांचे काम. पाळीवर पाच सिस्टर असतील तर त्यांच्याकडे सगळे मिळून ४० तास आहेत. म्हणजे दुसरे काहीही केले नाही, एक सलाईन बदलली नाही, एका बाळाचा श्वास थांबलेला पाहिला नाही, तरी नुसते दूध पाजणेच पुरे होत नाही. नळीऐवजी सलाईनवर असलेल्या बाळांचे दूध वाचते, पण त्यांच्या सुईची आणि थेंबांची राखण त्याहून जड.

मग वेळ कुठून काढला जातो? हात धुण्यातून. ती दोन मिनिटे पहिली जातात, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. बाळाला ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन-तीन बाळे शेजारी शेजारी, एकच हात एकीकडून दुसरीकडे. जंतुसंसर्ग झालेले बाळ आठवड्याऐवजी दोन आठवडे राहते. मुक्काम दुप्पट, म्हणजे गर्दी आणखी, म्हणजे संसर्ग आणखी. हे चक्र एकदा फिरू लागले की औषधांचा साठा कितीही असला तरी ते औषधाने थांबत नाही.

केंद्राच्या नवजात काळजी मार्गदर्शिकेत वर्षाला ३००० प्रसूतींमागे किमान १२ खाटा आणि पुढच्या प्रत्येक हजाराला ४ खाटा असा ठोकताळा आहे, आणि तीन-चार बाळांमागे पाळीला एक सिस्टर. हा ठोकताळा मुख्यतः त्याच इमारतीत जन्मलेल्या बाळांसाठी कामाचा. विष्णुपुरीसारख्या ठिकाणी बाहेर जन्मून आलेल्या बाळांचा लोंढा त्यात बसत नाही. सरकारतर्फे सांगितले गेले की काही बाळे खासगी दवाखान्यांतून अखेरच्या अवस्थेत आली होती. ते खरेही असेल. पण जी गोष्ट दर आठवड्याला घडते तिला नियोजनात सबब म्हणता येत नाही, तिला मागणी म्हणतात, आणि तिच्यासाठी खाट मोजून ठेवावी लागते. न्यायालयानेही रुग्णांच्या ताणाचे कारण पुढे करून सुटता येणार नाही, अशाच अर्थाचे सुनावले होते.

इथे आणखी एक गणित आहे, ते विभागप्रमुखांनाही अनेकदा पटवून द्यावे लागते. ८५ टक्के भरलेल्या खाटा म्हणजे आदर्श, हा नियम मोठ्या वॉर्डाला चालतो, छोट्या कक्षाला नाही. रुग्णसंख्या रोज खालीवर होते आणि तो चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. रोजची सरासरी ४०० असेल तर वर्गमूळ २०; दुप्पट धरून ४४० खाटा ठेवल्या की गर्दीचे बहुतेक सगळे दिवस निभतात, आणि खाटा सरासरीने ९१ टक्के भरलेल्या राहतात. सरासरी ४० बाळांची असेल तर वर्गमूळ सव्वासहा. दुप्पट धरून ५३ खाटा लागतात आणि त्या सरासरी ७५ टक्केच भरलेल्या दिसतात. तपासणीला आलेला अधिकारी म्हणतो, तुमच्या कक्षात १३ खाटा रिकाम्या आहेत, नवीन कशाला? त्या रिकाम्या १३ म्हणजेच गर्दीच्या रात्रीची तयारी.

वाढीव वॉर्मर ठेवतानाही हिशेब लागतो. प्रत्येकाला स्वतंत्र वीजजोडणी, ऑक्सिजनचा पॉइंट, सक्शन. एक्स्टेन्शन बोर्डावर चौथा वॉर्मर चालवणे ही सोय नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळे गेली. त्यानंतर तरी नवजात कक्षातला विजेचा भार डोळ्यांआड करता येत नाही.

आणि आया. बाहेरून आलेल्या प्रत्येक बाळामागे एक ओली बाळंतीण असते. ती कुठल्याच नोंदवहीत रुग्ण नसते, पण तिला झोपायला जागा, जेवण, न्हाणीघर लागते आणि दर दोन तासांनी दूध काढायला बसायला कोपरा लागतो. साठ बाळे म्हणजे साठच्या आसपास आया जिन्याखाली. कक्षाला लागूनच आईसाठी खाट आणि कांगारू पद्धतीने बाळ छातीशी धरायची सोय केली, तर वजन वाढण्यासाठी थांबलेली बाळे वॉर्मरवरून उतरतात. वीस वॉर्मर मंजूर करून घेण्यापेक्षा वीस आयांची खोली लवकर होते.

एकाच रुग्णाचे तीन मालक

प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, अधिष्ठात्यांच्या हाताखाली. मुखेडहून विष्णुपुरीला रुग्ण पाठवायला एक चिठ्ठी आणि १०८ पुरते. विष्णुपुरीहून बरा होत आलेला रुग्ण मुखेडला उरलेल्या चार दिवसांसाठी परत पाठवायला मात्र काहीच नाही: ना ठरलेली गाडी, ना तिथे खाट ठेवायचा आदेश, ना तसे केल्याचे कोणाला श्रेय. रुग्ण एकाच दिशेने वाहतो.

त्यात सर्वांत जास्त जागा खाणारी गोष्ट म्हणजे सिझेरियन. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंत मोफत आहार आहे, म्हणजे मुक्काम तेवढा धरलेला. समजा तालुक्यांतून रोज १० सिझेरियन वर येतात. सात दाहे सत्तर. म्हणजे ७० खाटा, दोन पूर्ण वॉर्ड, कायमचे भरलेले. त्यातली निम्मी वर येतात कारण खाली भूलतज्ज्ञ नाही किंवा रक्तसाठवण केंद्र बंद आहे. तालुक्यातली दोन रिकामी पदे भरली तर विष्णुपुरीत ३५ खाटा सुटतात. पण ती पदे एका खात्याची आणि खाटा दुसऱ्या खात्याच्या, त्यामुळे हा व्यवहार कोणाच्याच टिपणीत येत नाही.

दूर अंतराचे गणित निराळे आहे. किनवट-माहूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जंगलपट्ट्यात. तिथला रुग्ण दुपारी निघून संध्याकाळी पोहोचतो, आणि रात्री परत जाऊ शकत नाही म्हणून 'निरीक्षणासाठी' दाखल होतो. त्याला खाट नको, रात्रीचा निवारा हवा. धर्मशाळेचे दोन हॉल बांधून झाले की वॉर्डातल्या अशा भरत्या आपोआप गळतात.

पाठवण्याची वही

प्रस्ताव लिहिताना बहुतेकजण '५०० वरून १००० खाटा करा' अशी एक ओळ लिहितात आणि ती फाईल बरोबर याच कारणाने अडते: वित्त विभाग विचारतो, कोणत्या खाटा? उत्तर विभागवार हवे. मागच्या तीन वर्षांची महिनावार भरती, सरासरी मुक्काम, एकच्या आणि मध्यरात्रीच्या मोजणीतला फरक, गादीवरचे रुग्ण वेगळे. प्रत्येक खाटेमागे पदे लिहायची आणि ती पाळ्यांत मोडून दाखवायची. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाने शिकाऊ रुग्णालयात तीन खाटांना एक परिचारिका आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव. म्हणजे १०० खाटांना ३४ अधिक १०, एकूण ४४. राखीव ३० टक्के पहिल्या फेरीत कापले जातात. तिथे मागे हटू नये, कारण तेवढ्याच संख्येने बाळंतपणाच्या, आजारपणाच्या आणि साप्ताहिक सुट्ट्या असतात आणि त्या कापता येत नाहीत.

मंजुरी येईपर्यंत मधल्या काळात वॉर्डात काय करायचे, यालाही उत्तर आहे, फक्त ते दिसायला लहान आहे. आदल्या संध्याकाळी प्रत्येक वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने उद्या जाऊ शकणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची. त्यांचे रक्ताचे रिपोर्ट सकाळी नऊच्या आत आणायचे. राउंड त्या नावांपासून सुरू करायचा, खाट क्रमांक एकपासून नाही. कार्ड राउंडमध्येच लिहायचे. अकराला खाट मोकळी. हे पहिले पंधरा दिवस छान चालते आणि मग निवासी डॉक्टरांची बॅच बदलली की बंद पडते. म्हणून फळा डॉक्टरांच्या नव्हे, सिस्टरच्या ताब्यात ठेवायचा.

परभणीला २०२३ मध्ये आणि हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विष्णुपुरीचा भार उतरेल, अशी त्यावर साधी अपेक्षा आहे. पण नवे महाविद्यालय सुरुवातीला असलेल्याच जिल्हा रुग्णालयाशी जोडले जाते. पाटी बदलते, खाटा त्याच राहतात. फरक पडला की नाही हे कळायला दाखल नोंदवहीत 'कुठून आला' हा रकाना तालुक्यासह भरलेला हवा, आणि त्याशेजारी दुसरा: तिथून का पाठवला. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, व्हेंटिलेटर नाही, खाट नाही, की नुसतेच 'पुढील उपचारासाठी'. आज बहुतेक चिठ्ठ्यांवर शेवटचे दोन शब्दच असतात. वसमत, कळमनुरी, गंगाखेडहून आलेल्या शंभर चिठ्ठ्यांवर खरे कारण लिहून घ्यायला आठवडाभर पुरेल.